चारही पाय सारखेच का?

गुडघे दुखायला लागल्यापासून मला खाली बसता येत नाही. मारुतीच्या देवळात भजनाला सगळ्या बाया सतरंजीवर, आणि मी मागं भिंतीला प्लास्टिकच्या खुर्चीत, पाहुणीसारखी. खाली कुजबुज चालायची, मला नुसतं हसू ऐकू यायचं. मला त्या घोळक्यात बसायचं होतं, बाकी काही नाही.

नात पुण्यात फर्निचरचं शिकते. सुट्टीला आली तेव्हा मोबाईलवर चित्रं दाखवायला लागली. तिरपी कपाटं, पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्च्या, एक पाय लाडवासारखा गोल तर दुसरा त्रिकोणी!

"आजी, इटलीतल्या काही जणांनी मुद्दाम असं केलं. गंभीर, सरळसोट सामानाचा त्यांना कंटाळा आला होता."

मी म्हटलं, आता गं बाई! पण ते डोक्यातून जाईना. खरंच, चारही पाय सारखेच का असतात? कुणी ठरवलं? आणि ते रंग तर पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना देतो तसलेच की, हिरव्याला लागून भडक गुलाबी.

मग मी फरशीवर खडूनं माझ्यासाठी एक लाकडी बैठक काढली. गुडघ्याला झेपेल इतकी उंच, पण शेजारणीच्या कानाला लागता येईल इतकी बुटकी. पाय चार तऱ्हेचे. सुतारानं करून आणली ती चारही पाय सरळ!

"मावशी, तुमची रेघ हलली हुती, मी नीट केली. तसलं वाकडं केल्यावर लोक मलाच हसतील."

असू दे म्हटलं. रंगवली आणि भजनाच्या दिवशी देवळात पुढं पाठवून दिली. मी पोचते तो काय, धाकट्या जावेनं तिच्यावर वस्त्र अंथरून देवाचा फोटो मांडलेला, हळदकुंकू वाहिलेलं.

"जाऊबाई, चौरंग लई भारी केलाय!"

आता देवाला ऊठ कोण म्हणणार? मी परत प्लास्टिकच्या खुर्चीत. पण भजनभर मी त्या बैठकीकडंच बघत होते. सरळ चार पाय, सपाट फळी. देव बसणारच की!

दुसरी बैठक करताना मी सुताराच्या शेजारीच बसून राहिले. एक पाय गोल, एक पायऱ्यापायऱ्यांचा, एक तिरपा, एक साधा. पाठीला दोन शिंगं. डुगडुगते का ते बघायला तो आधी स्वतः बसला, आणि उठेचना.

भजनाच्या दिवशी धाकटी जाऊ देवाचा फोटो हातात घेऊन नव्या बैठकीभोवती फिरली.

"जाऊबाई, याच्यावर काय मांडायचं वो?"

"मला," म्हटलं, आणि टेकले. तिनं फोटो जुन्या बैठकीवर ठेवला, माझ्याजवळ सरकली आणि कानात जे सांगितलं ते काही इथं लिहिण्यासारखं नाही.