खांबांवरचं घर आणि टोमॅटोची कॅरेट

"मॅडम, दोरी लावलीये. आता वीट चालू करतो," मिस्त्री म्हणाले.

मी अजून स्कूटीवरून उतरलेही नव्हते. राजुरीच्या मळ्यातलं ते घर म्हणजे माझं स्वतःचं असं पहिलं काम. माणसं राहायला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. घराखालच्या खांबांमध्ये मी मुद्दाम काहीच ठेवलं नव्हतं. नेमकी तिथेच मिस्त्रींनी दोरी ताणली होती, आणि शेजारी विटांची ट्रॉली रिकामी होत होती.

"थांबा. एकही वीट लावायची नाही."

"मालकांनी सांगितलंय," मिस्त्री शांतपणे म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

मालक म्हणजे दत्तूभाऊ, द्राक्षं आणि टोमॅटोचे बागायतदार. नव्वदचं दशक नुकतंच सरलं होतं. माझं ऑफिस नारायणगावात खताच्या दुकानाच्या माडीवर होतं. येणाऱ्या प्रत्येकाला टीव्हीवरच्या मालिकेतला बंगला हवा असायचा. दत्तूभाऊ मात्र म्हणाले, "तुमाला योग्य वाटंल तसं करा." नव्या आर्किटेक्टला असं सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं. मी त्या आठवड्यात धड जेवलेही नाही.

कॉलेजात मला वेड लावलं होतं ते सुरुवातीच्या मॉडर्निस्ट घरांनी. गेल्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या काही आर्किटेक्टना एक साधी गोष्ट उमगली. घराचं वजन आरसीसीच्या खांबांनी पेललं, की भिंत मोकळी होते. हवी तिथे घाला, नको तिथे काढा. याला फ्री प्लॅन म्हणतात. (मॅडमनी प्लॅन फ्री दिला, असं दत्तूभाऊंनी गावभर सांगितलं. पुढे महिनाभर मी लोकांना समजावत होते.) भिंतीवर वजन नाही म्हणजे खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग घेता येते. घर खांबांवर उचललं, की खालची जमीन मोकळी राहते. आणि कौलांऐवजी सपाट गच्ची केली, की घरानं अडवलेली जमीन वर परत मिळते.

हे सगळं मी हातवारे करत सांगत होते, तेव्हा दत्तूभाऊंच्या मंडळी सिंधूताई एवढंच म्हणाल्या, "मॅडम, गच्चीवर संध्याकाळचं बसता येईल का?"

त्यांचा मळा उसाला लागून. उसात बिबटे वाढले होते. तिकडे बिबट्याला सगळे वाघच म्हणतात. "दिस मावळला की पोरं घरात कोंडावी लागत्यात," त्या म्हणाल्या. "अंगण हाय, पण बसायची सोय न्हाई." मी म्हटलं, अंगणच वर नेऊ. जिन्याच्या तोंडाला लोखंडी जाळीचं दार लावू. त्या पहिल्यांदा हसल्या. मला तर वाटलं, ही तत्त्वं लिहिणाऱ्यांनी राजुरी डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली असणार.

आता त्याच सिंधूताई दत्तूभाऊंसोबत मिस्त्रींच्या मागे उभ्या होत्या आणि हसत नव्हत्या.

"परवा दिवेलागणीला वाघानं कुत्रं नेलं," त्या म्हणाल्या. "घराच्या खालून. मी गोठ्याकडं चालले व्हते, धार काढायला. माझ्या म्होरं दहा पावलांवर व्हतं ते. मला काय दिसलंच न्हाई."

गोठा घराच्या पलीकडे. सकाळ-संध्याकाळ त्यांना जिना उतरून घराखालूनच जावं लागायचं. मला लाज वाटली. कागदावर मी किती कौतुकानं लिहिलं होतं, घराखालून वारा वाहील, उजेड वाहील म्हणून.

"सगळं बंद करून टाकू," दत्तूभाऊ म्हणाले. "उगं इषाची परीक्षा नको."

मी घराखाली शिरले आणि जागीच थांबले. ती जागा मोकळी नव्हतीच. टोमॅटोची रिकामी कॅरेट, म्हणजे बाजाराला माल न्यायचे ते प्लॅस्टिकचे खोके, डोक्याच्या वर रचलेली. ठिबकच्या पाइपांची वेटोळी. कडबा, गोणपाटं, मोडका औषधाचा पंप. आपल्याकडे मोकळी जागा दिसली, की माणसाचा हात शिवशिवतो.

तेवढ्यात फॉरेस्टचे गार्ड पंचनाम्याला आले. कॅरेटमागे वाकून त्यांनी दबलेली गोणपाटं दाखवली. मातीत ठसे होते.

"ह्यो नुसता आला न्हाई, बसला व्हता," ते म्हणाले. "आडोसा मिळाला की थांबतो. उघड्यावर सहसा थांबत न्हाई."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी दत्तूभाऊंकडे ताडपत्री मागितली. मिस्त्री आणि दत्तूभाऊंनी ती दोरीच्या रेषेवर, दोन खांबांमध्ये धरली. अगदी भिंत येणार होती तशी.

"सिंधूताई, जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहा. धार काढायला निघालात असं समजा. काय दिसतंय?"

"ताडपत्री."

"तिच्या मागं?"

"मागचं कसं दिसंल?"

मग ताडपत्री बाजूला ठेवली आणि आम्ही चौघांनी मिळून एका बाजूची कॅरेट बाहेर काढली. गार्डनीही शर्टाच्या बाह्या सारून हात लावला. सिंधूताई पुन्हा त्याच पायरीवर उभ्या राहिल्या. तिथून आरपार दिसत होतं. खांब, त्यांच्या पलीकडे गोठ्याचं दार, गाय, आणि मागे उसाचा बांध.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी नखं खात होते. भिंत हवी म्हणाल्या असत्या, तर मी त्या दिवशी एक शब्द बोलले नसते. जीव त्यांचा होता.

"भिंत नको," त्या म्हणाल्या. "भिंतीला वळसा घालून जायचं म्हंजी मरणाच्या तोंडात जायचं. मला आधी दिसू द्या, मग मी पाय खाली ठेवीन."

"आन् माझी कॅरेट कुठं ठेवू, डोक्यावर?" दत्तूभाऊ म्हणाले.

प्रश्न बरोबर होता, आणि तो मला सहा महिने आधी पडायला हवा होता. मी तिथेच विटेच्या तुकड्यानं जमिनीवर चौकोन आखला. आलेल्या विटांमधून रस्त्याच्या कडेला शटरची एक खोली उभी राहिली. घराखाली चार दिवे बसले, त्यांचं बटण जिन्याच्या वर. मिस्त्री जाताना म्हणाले, "मॅडम, एवढी साधी खोली काढायला कालिज लागत न्हाय."

दोन महिन्यांनी ऑफिसात फोन वाजला. सिंधूताई धापा टाकत बोलत होत्या.

"मॅडम, मघाशी वाघ गेला. आमी समदी गच्चीवर बसलो व्हतो. उसातून निघाला, घराखालून आला, पार पलीकडं गेला. थांबलाच न्हाई. पोरांनी कठड्यावरून पाठ बघितली त्याची."

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. "मग? तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दिवे लावलं, समदीकडं बघितलं, आन् जाऊन धार काढली. आता चहा ठेवलाय."

फोन ठेवल्यावर मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या. खालचे खतवाले वर येऊन विचारून गेले, काय झालं म्हणून.

मॉडर्निस्ट घरांवरची पुस्तकं मी पुढेही पुष्कळ वाचली. मोकळी जागा कशी ठेवावी, यावर त्यांत पानंच्या पानं आहेत. अडगळ कुठे ठेवावी, यावर एक ओळ सापडली नाही. म्हणून आता कुणाचंही घर काढायला बसले, की मी पहिली खोली अडगळीची काढते.