लेकीचं जावळ

माझ्या लेकीचं जावळ तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. लग्नंसुद्धा एवढी मोडत नाहीत. मोडणाऱ्या एकट्या आमच्या सासूबाई.

लेक व्हायच्या पाच वर्षं आधी मला कॅन्सर झाला. औषधांनी डोक्यावरचा केस न् केस गेला. परत आले, पण रुमाल बांधायची सवय सुटली नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं थांबले, मग दिवस गेले. नऊ महिने सगळं विंझर गाव माझ्या पोटाकडे बघायचं आणि मी भिंतीकडे. औषध बाळात उतरलं असलं तर? डॉक्टरीणबाई समजवायच्या, "ते औषध शरीरातून केव्हाच गेलंय. तपासण्या तेवढ्या चुकवू नका." सासूबाईंचा प्रश्न एकच, "आन् क्येस?"

लेक जन्मली ती डोकंभर काळं जावळ घेऊन. वजन, रडणं, हातपाय, सगळं ठीक. सासूबाईंनी फक्त डोकं बघितलं आणि एसटी स्टँडपर्यंत बातमी पोचवली.

जावळ काढायचं विषम महिन्यात, मामाच्या मांडीवर. माझा भाऊ पाचव्या महिन्यात मार्गासनीहून आला, तर पोरीचं नाक वाहत होतं म्हणे. सातव्यात न्हावी पसंत पडला नाही. नवव्यात वस्तराच बोथट निघाला, सासूबाईंनी स्वतः बोट लावून बघितला होता. भाऊ तिन्ही वेळा पुरणपोळी खाऊन परत गेला. त्याची काही तक्रार नव्हती.

अकराव्या महिन्यात मी भडकले. "आता काय शाळेत घातल्यावर काढायचं?"

सासूबाई पोरीला तेल लावत होत्या. हात थांबला. "तुजं डोकं बगितलंय म्या तवा. परत न्हाई बगवायचं. आन् हिचं न्हाई उगवलं तर?"

वर्षभर मी त्यांना हसत होते. भीती माझीच होती, त्यांनी फक्त बोलून दाखवली.

त्याच आठवड्यात जावळ काढलं. सासूबाई गोठ्यात जाऊन बसल्या, म्हशीला उगाच रागावत. मग रोज सकाळी पोरीच्या डोक्यावरून तळवा फिरवायच्या. दहाव्या दिवशी ओरडल्या, "टोचतंय गं! टोचतंय!"

मी धावत गेले, हात लावला. खरंच टोचत होतं. मी तिथंच रडायला लागले. त्यांनी माझा रुमाल सोडला आणि केसांत बोटं घातली. "तुजे बी लई दाट झाल्यात की!"

मग त्यांनी त्याच रुमालानं पोरीचं नाक पुसलं. या वेळी ते खरंच वाहत होतं.