चरात उडी घ्यायची नाही

सातुर्निना किस्बेर्टला आमच्या साइटवर सगळे सासूबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवलेला नसला की ती आलीच. दगड कापताना पाणी सोडलं नाही, नाकाला मास्क नाही, परांचीची फळी नीट बांधली नाही, काहीही दिसलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

मूळची ती गवंडी. आमच्या या डोंगरातल्या ला पाझ शहरात बायका गवंडीकाम करतात यात नवल ते काय, पण तिच्या हातचा गिलावा बघण्यासारखा असायचा. तिचा नवरा इलारियोन दगड कापायचा. सगळी उमर कोरडी धूळ छातीत घेतली. शेवटी शेवटी तर घराच्या पायऱ्या चढायलाही त्याला तिचा खांदा लागायचा, आणि आमच्या गावात घर म्हटलं की पायऱ्या आल्याच. तो गेल्यावर कंपनीने शिकवून सुरक्षेवर नेमायला माणसं मागितली, तेव्हा सातुर्निनाने थापी ठेवून पिवळं जाकीट चढवलं.

"पगार तोच, शिव्या तेवढ्या वाढल्या," असं ती म्हणायची.

मी, वालेरियो, त्या साइटवर फरशी बसवत होतो. उतारावरची इमारत, आणि तिच्या पाठीमागे डोंगर अडवायला भिंत घालायची होती. भिंतीच्या पायासाठी लांबलचक चर खोदला होता, आत उभं राहिलेल्या माणसाने हात वर केला तरी काठ लागणार नाही इतका खोल. फेब्रुवारीचा पाऊस रोज पडत होता. इथली तांबडी माती वाळली की दगड होते, भिजली की साबण.

त्या सकाळी आम्ही गेटाजवळ विकायला बसणाऱ्या बाईकडे मक्याचं गरम आपी पीत होतो. सातुर्निना चराच्या काठाने फिरून आली. तिचा चेहरा बघूनच मुकादम क्रिस्पिन अलानोका म्हणाला, "बोला, आता काय बंद?"

"चर बंद. काठाला भेग पडलीय. काल नव्हती."

"अहो दोन्या सातुका," मान द्यायचा असला की तो तिला असंच म्हणायचा, "दुपारी काँक्रीटची गाडी येतेय. तिला काय आपी पाजून परत पाठवू?"

"पाजा. ड्रायव्हरलाही पाजा. फळ्या आणि टेकू लावल्याशिवाय खाली एकही माणूस उतरणार नाही."

क्रिस्पिनने चिडून इंजिनिअर रोकाबादोला फोन लावला. फोन कानाला लावून तो नुसता "हो, हो" करत राहिला आणि मग खिशात टाकला. "साहेब म्हणतात, ती म्हणते तसं करा. दुसऱ्या साइटवरून फळ्या पाठवताहेत."

सातुर्निनाने काठावर लाल फीत बांधली. फेर्मिन काल्यिसाया तिला फीत ओढायला मदत करत होता. त्याच्या मुलीच्या बारशाला ही धर्ममाता झालेली, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा. त्याचा धाकटा भाऊ तेओदोसिओ शेजारी उभा राहून हसत होता. "कोमाद्रे, घरात पण अशीच फीत लावता काय? स्वयंपाकघरात कुणी येऊ नये म्हणून?"

"तुझ्या तोंडाला लावते, थांब," ती म्हणाली.

फळ्यांचा ट्रक आला तसं ती गेटावर गेली. मीही माल उतरवायला गेलो. चरात पाणी उपसायचा पंप चालू होता. त्याच्या तोंडाशी चिखल अडकला असावा, तो घरघरायला लागला. तेओदोसिओ मुकादमाला म्हणाला, "हा बंद पडला तर चराचा तलाव होईल. तोंड साफ करून आलोच." फितीखालून वाकून तो शिडीवरून उतरलासुद्धा.

क्रिस्पिनने त्याला बघितलं. "लवकर ये," एवढंच म्हणाला.

आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या पोत्यांची थप्पी खचावी तसा. मग कुणीतरी किंचाळलं.

आम्ही धावत पोचलो. डोंगराकडची बाजू एका जागी पोटातून निघून आली होती. तेओदोसिओ छातीपर्यंत मातीत होता, एक हात बाहेर, तोंड उघडं. फेर्मिन फावडं घेऊन काठाकडे सुटला होता. आता उडी घेणार तोच सातुर्निनाने मागून त्याच्या दोन्ही पायांना मिठी मारली. दोघंही चिखलात आपटले.

"सोड! भाऊ आहे माझा!"

"उडी घ्यायची नाही! कुणीच नाही!" ती ओरडली. "वालेरियो, याला धर! सगळे काठापासून मागे! ते खोदाईचं यंत्र बंद करा, जमीन हादरतेय!"

मी आणि एक गवंडी फेर्मिनच्या अंगावर बसलो. खरोखर बसलो. तो आम्हाला चावला, शिव्या दिल्या, रडला. खालून तेओदोसिओचा आवाज आला, अगदी बारीक. "फेर्मिन... श्वास... येत नाही."

ते ऐकून मला वाटलं, याला सोडावं आणि आपणही उडी घ्यावी. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तेच वाटत असणार. ती मात्र फळ्या आणा म्हणून ओरडत होती. अग्निशामकांना फोन झाला होता, पण पावसात तो चढ चढून त्यांची गाडी कधी येणार, कोण सांगणार?

"तेओ! माझ्याकडे बघ!" ती लांबून, एका फळीवर पालथी पडून बोलत होती. "थोडा थोडा श्वास घे. मोठा घेऊ नकोस, सोडताना माती आवळते. वरच्यावर घे. आम्ही येतोय."

"कोण येतंय?" फेर्मिन माझ्या हाताखालून ओरडला. "कुणी येत नाहीये! ही बाई त्याला मारतेय!"

तिने मान वळवली नाही. क्रिस्पिनकडे बघून म्हणाली, "मुकादम, पलीकडच्या टोकापासून. तिथली माती शाबूत आहे. दोन्ही बाजूंना फळ्या सोडा, मध्ये टेकू. एक जोडी पक्की झाली की तिच्या आडून पुढची."

क्रिस्पिनचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, पण हात चालू होते. वरून दोराने फळ्या सोडल्या. पहिली जोडी बसली तशी शिडी लावून ती स्वतः खाली उतरली, मागून क्रिस्पिन. वरून टेकू दिला की ती तो आडवा बसवायची आणि पाचर ठोकायची. ठोक ठोक ठोक. हात पुढे करून फळी चाचपायची. मग पुढची. तिला इतक्या सावकाश काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तेओदोसिओ आता बोलत नव्हता. नुसता बघत होता.

शेवटची जोडी त्याच्या अगदी जवळ बसली. सातुर्निना गुडघ्यांवर बसून हातांनी त्याच्या छातीभोवतीची माती काढायला लागली. "फावडं नको, घमेलं द्या," म्हणाली. एवढ्यात वरून माती सुटली. पुन्हा तोच आवाज. फळ्या आत वाकल्या, एक टेकू बंदुकीसारखा कडाडला आणि फटींतून चिखल पिचकारीसारखा आत आला. ती दिसेनाशी झाली.

"कोमाद्रे!" ही हाक फेर्मिनची होती.

फळ्या टिकल्या होत्या. क्षणभराने तिचं चिखलाने लाल झालेलं डोकं वर आलं. ती थुंकली. "टेकू द्या अजून एक. जाड द्या."

छाती मोकळी झाल्यावर तेओदोसिओने जो श्वास घेतला तो वर आम्हाला ऐकू आला. पाय मात्र अडकलेलेच होते. अग्निशामक आले, त्यांच्या प्रमुखाने आत वाकून बघितलं आणि आपल्या माणसांना सांगितलं, "या फळ्यांना हात लावू नका, यातूनच उतरा." सोबतच्या डॉक्टरने आधी त्याच्या हाताला सलाइन लावलं आणि मगच पायांवरचं ओझं काढू दिलं. त्याला वर काढला तेव्हा दुपार कलली होती. काँक्रीटची गाडी कधीच परत गेली होती.

हॉस्पिटलात काल्यिसायांची आई बाकावर बसली होती. सातुर्निना तशीच, चिखलाच्या कपड्यांनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हातारीने विचारलं, "तू माझ्या थोरल्याला धरून ठेवलंस, असं म्हणतात."

"हो."

"धाकटा हाका मारत होता तेव्हा?"

"हो, आई. तेव्हाच."

म्हातारीने बाकावर सरकून जागा केली. सातुर्निना बसली, आणि म्हातारीने तिचे चिखलाचे हात आपल्या शालीत घेतले.

चौकशीत क्रिस्पिनने काही लपवलं नाही. "मी त्याला अडवलं नाही. लवकर ये म्हणालो," असं त्याने सरळ सांगितलं. त्याची मुकादमी गेली. आता तो साध्या गवंड्याचं काम करतो आणि जेवताना कमी बोलतो. सातुर्निनालाही विचारलं गेलं की बंद केलेल्या चरावर माणूस का ठेवला नाही. ती म्हणाली, "चुकलं. फितीने माणूस थांबत नाही." तेव्हापासून आमच्याकडे फळ्या आणि टेकू येऊन पडल्याशिवाय यंत्र जमिनीला दात लावत नाही. बंद चरावर राखणीला माणूस असतो.

तेओदोसिओ वाचला. एका पायाने लंगडतो. परांचीवर चढता येत नाही, म्हणून तो सामानाच्या खोलीत बसून हेल्मेटं वाटतो आणि आल्यागेल्याची टिंगल करतो.

फेर्मिन तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. मुलीच्या वाढदिवसाला बायकोने तिला बोलावलं, तर हा ताट घेऊन अंगणात जाऊन बसला. बायको ओरडली, तरी उठला नाही. पण चरांना फळ्या लावायचं काम निघालं की तो आपणहून पुढे व्हायला लागला. आज ते काम त्याचंच आहे.

परवा नव्या साइटवर मी दोघांना भांडताना ऐकलं. तो चरात, ती काठावर.

"या दोन टेकूंतलं अंतर जास्त आहे," ती म्हणाली.

"बरोबर आहे. मी मोजलंय."

"मला जास्त वाटतंय."

"मग खाली या आणि दाखवा, कोमाद्रे. शिडी तिकडे आहे."

ती पदर खोचावा तसा घागरा खोचून शिडीकडे निघाली.