करंगळीची परवानगी

"बाई, हिचं नाव कमी करून राह्यलो," हेडमास्तर म्हणाले. "वर्गात कमी, बाहेरच जास्त असते. तुमी एकदा हिचं डोकं पाहून घ्या, म्हणजे मागून कोणी बोलाले नको."

समोर पार्बता उभी होती. मासे धरणाऱ्या ढीवराची पोर, मिडलच्या शेवटच्या वर्गातली. तेव्हाही तिची करंगळी वरच होती. करंगळी म्हणजे 'लघवीला जाऊ का' अशी शाळेतली मुकी परवानगी.

डोकं पाहणारी बाई म्हणजे मी. एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. मी नागपूरहून मानसशास्त्र शिकून आले होते आणि खात्यानं प्रयोग म्हणून मला वडशाकडच्या शाळांवर नेमलं होतं. गावातल्या आयांनी आपल्या पोरी उवा दाखवायला माझ्याकडे आणल्या. मला फार राग आला. उवा काढल्या असत्या तर पगाराचं चीज तरी झालं असतं.

पार्बताची परीक्षा तोंडावर आली होती. बापानं ठरवून टाकलं होतं. मिडल पास झाली तर मास्तरीण होऊ दे, शाळेतून नाव गेलं तर उन्हाळ्यात लगीन.

"नाटकाच्या तंबूत रातभर बसते," हेडमास्तर म्हणाले, "अन् वर्गात घंटाभर बसवत नाई?"

"तंबूले दार नसते गुरुजी," पार्बता मान खाली घालून म्हणाली. "कुठूनबी निंगता येते."

मी तिला माझ्या खोलीत नेलं. आधी चित्रचाचणी. मुलाला हवं ते चित्र काढू द्यायचं आणि त्यावरून मनातलं ओळखायचं. तिनं बोडी काढली, म्हणजे गावचं छोटं तळं. मी लगेच लिहून टाकलं, 'पाणी हे मातृप्रेमाच्या भुकेचं प्रतीक.' तिची आई तेव्हा व्हरांड्यात शिदोरी घेऊन बसली होती.

"बोडीच का काढलीस?"

"तहान लागली, बाई."

मी माझी सुरई पुढे सरकवली. तिनं ती रिकामी केली, बाहेर जाऊन आली आणि परत पाणी मागितलं. मधल्या वेळात बुद्धिमापनाची कोडी झरझर सोडवली. भीतीनं मूल सारखं बाहेर जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. भीतीनं सुरई रिकामी होते असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी आईला आत बोलावलं.

"रातीबी असंच हाय, लहानपनापासून," ती म्हणाली. "गुरुजीनं मधल्या सुटीपर्यंत पानी बंद केलं, तवापासून घरी आली का नुसती पडून राह्यते."

आता मात्र भीती मला वाटली. दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी लघवी तपासली.

"साखर नाही. म्हणजे नेहमीचा मधुमेह नव्हे. हिचं शरीर पाणी धरून ठेवत नाही, प्यायलेलं तसंच निघून जातं. औषध माझ्याकडे नाही. पाणी मात्र तोडू नका, जिवावर बेतेल."

"आणि शाळा?"

"तो तुमचा विषय."

आजार बरा होणार नव्हता, तेव्हा शाळाच बरी करायची होती. 'जिवावर' हा शब्द ऐकून हेडमास्तर मऊ पडले.

"आधी काऊन नाई सांगतलं पोरी?"

"करंगळी तर रोजच दाखवून राह्यली, गुरुजी."

मग तिची जागा दाराशी झाली. पायाशी वाळल्या भोपळ्याचा तुंबा, पाण्यानं भरलेला. उठताना विचारायचं नाही, आल्यावर सांगायचं नाही. पोरं तिला 'वैनगंगा' म्हणून चिडवत. मी सहानुभूतीवर एक भाषण पाठ करून वर्गात गेले. तोवर पार्बताच उठून म्हणाली, "हाव, वैनगंगाच हाय मी. आडवान त पूर येईन." वर्ग पोट धरून हसला आणि चिडवण्यातली गंमतच संपली. माझं भाषण तसंच राहिलं. चांगलं होतं ते.

परीक्षेचं केंद्र वडशाला. तिथले सुपरवायझर कडक.

"पेपर सुरू झाला की बाहेर जाता येणार नाही."

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठीत आजार लिहिलाय. नियम बदला, असं लिहिलेलं नाही."

"मग बाकावरच होईल. बाक सरकारी आहे. जबाबदारी तुमची, एवढं लिहून द्या."

त्यांनी एकदा बाकाकडे पाहिलं. "सोबत बाईमाणूस लागेल. नक्कल केली तर?"

"मी जाते."

तर अशी मी, बी.ए., बी.टी., प्रत्येक पेपरला शाळेमागच्या कुडाकडे पाठ करून छत्री धरून उभी. कुडाआडून पार्बतानं विचारलं, "बाई, तुमी खरंच कायच्या बाई हाय?"

"मानसशास्त्राच्या."

"असं," ती म्हणाली, आणि पेपर लिहायला पळाली.

पार्बता पास झाली. बापानं तोंड वाकडं केलं, पण शब्द पाळला. चांद्याला ट्रेनिंगला निघाली तेव्हा मी मोटार सुटेपर्यंत ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते, वाटेत कुठं कुठं थांबशील ते आताच सांग म्हणून. तो वैतागून हो म्हणाला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पुढे मी हेच काम बरीच वर्षं केलं. नव्यानं लागलेल्या बायांना सांगत असे, पोराच्या मनात काय दडलंय ते सावकाश शोधा. आधी त्याला बाहेर जायचंय का, तेवढं विचारून घ्या.