एक ते तीन

हॅम्बर्गमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजोबा राहतात. दुपारी एक ते तीन ही इमारतीत शांततेची वेळ. त्या वेळात मी चटणीसाठी मिक्सर लावला, की खालून छताला काठीचे तीन ठोके पडतात. चौथा कधीच नाही. तीन वाजून गेल्यावर जिन्यात भेटले, की तेच चटणी कसली होती ते विचारतात.

त्यांचे पणजोबा स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातून इथल्या बंदरावर आले. पणजोबांच्या तिथल्या घराचा पिवळा पडलेला फोटो घेऊन आजोबा कित्येक वर्षं तिकडे पत्रं लिहीत होते, आणि आलेलं प्रत्येक उत्तर मला जिन्यात थांबवून वाचून दाखवत होते. ‘मूळ गाव’ हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला. म्हणताना त्याचं ‘मूल गाफ’ होतं.

मे महिन्यात ते स्वतःच जाऊन आले.

“घर सापडलं,” म्हणाले. “दाराची कमान तीच. आत रेडिओ चालू होता.”

“मग आत कोण राहतं?”

“बेल नाही वाजवली. दीड वाजला होता.”

समोरच्या कट्ट्यावर ते बसून राहिले. अडीचला एक बाई बाहेर आली, यांच्याकडे बघून हसली आणि गाडीत बसून निघून गेली. तीनच्या ठोक्याला आजोबांनी रिकाम्या घराची बेल वाजवली.

मी कपाळावर हात मारला. “अहो, तिथे कुठला आलाय हा नियम? आणि गाव तर तुमचंच.”

“गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच,” आजोबा म्हणाले. “स्वतःच्या मूल गाफात कुणी असं वागतं का?”