बिनमिरचीची भाजी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. शाळा चौथीपर्यंतच, अक्षर वाकडं, शब्दही चुकतील — तेवढं माफ करा. तोंडानं सांगायचं तर माझा आवाजच निघत नाही. चार बाया जमल्या तरी मी पदर ओढून मागे बसते. अशी बाई कुणाला मारेल, असं वाटतं का?

मारलं. मी मारलं.

भागवत माझा एकुलता एक. केळीचा ट्रॅक्टर चालवायचा. आधी भाकरी घशात अडकायला लागली, मग वरण, मग पाणीसुद्धा. धुळ्याला नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. तो खाटेवर, सून वंदना औषधांच्या रांगेत — म्हणून डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. मी हळूच विचारलं, मिरचीनं झालं का? ते म्हणाले, नाही मावशी. आपल्या अंगाच्या कणाकणात वाढ थांबवणारे जीन असतात, ट्रॅक्टरच्या ब्रेकसारखे. तंबाखूचं विष वर्षानुवर्षं घशातून उतरलं की ते मोडत जातात. मग वाढ सुटते ती थांबत नाही. कधीपासून खातो हा?

मी म्हटलं, लग्नानंतर लागली सवय.

खोटं. त्याला दात येत होते तेव्हाची गोष्ट. रडायचा, अन् मला निंदणीला जायची घाई. मी एका हातानं त्याचा जबडा दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं मशेरी — भाजलेल्या तंबाखूची पूड — हिरड्यांवर घासायची. पाय झाडायचा. ओकायचा. गालावर माझी बोटं उमटायची. मग मान टाकून झोपायचा. पुढे पुढे तर स्वतःच तोंड उघडून माझ्यासमोर उभा राहायचा. मग सांगा, मोडायला सुरुवात कुणी केली?

डॉक्टर म्हणाले, सुनेलाही नीट समजावून सांगा.

बाहेर वंदना आली. "काय म्हने डॉक्टर, आत्याबाई?"

माझ्या हातात स्टीलचा डबा होता. "तुह्या ठेच्यानं जाळलं माह्या पोराचं नरडं! डॉक्टरच म्हने!" — आणि तो डबा मी तिच्या कपाळावर हाणला. ती खाली बसली, तेव्हा पुन्हा हाणला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. लोक धावले. पदरानं रक्त पुसत, भागवतच्या खाटेकडे बघत ती एवढंच बोलली, "यायले सांगू नका, आत्याबाई."

माझ्याही आतला ब्रेक मोडला होता, असं म्हणू का? नाही. शाबूत होता. मारायच्या आधी मी डब्याची कडी चाचपून पाहिली होती — आमची भाजी सांडू नये म्हणून.

भागवत गेला. तेराव्याला मी तिचा ठेच्याचा दगडी खलबत्ता सगळ्यांसमोर अंगणात आपटून फोडला. बाया तिच्या अंगावर थुंकल्या. मी थुंकू दिलं.

ती माहेरी जामनेरला गेली नाही. मलाच सांभाळते. भुवई फाटली होती तिथे केस उगवत नाहीत. घरात मिरची आणत नाही, आणि मी पहिला घास घेतला की माझ्या तोंडाकडे बघत राहते — तिखट नाही ना झालं?

मी मान हलवते. आणि जेवते.