आधी टेलवाल्याला

"आधी टेलवाल्याला. न्हाईतर आजपासून मी ह्या टेबलाला हात लावनार न्हाई," टेम्पोवाले मामा म्हणाले. त्यांनी स्टिक सरकी पेंडीच्या पोत्याला टेकवली आणि खरोखरच खाली बसले.

मी कोपऱ्यात लॅपटॉपमागे होते. मान वर केली नाही, पण टाइप करणं थांबवलं.

काष्टीत माझ्या काकांचं पशुखाद्याचं दुकान आहे आणि त्यामागे गोडाऊन. अर्ध्या गोडाऊनमध्ये पोती असतात, उरलेल्या अर्ध्यात पूलचं टेबल. दौंडकडचा कुठलासा क्लब बंद पडला तेव्हा काकांनी ते उचलून आणलं. स्वतः ते खेळत नाहीत. कापडावरचा भुसा दिवसातून चार वेळा झटकतात आणि कुणी टेबलावर चहाचा कप ठेवला तर, जनावर आजारी असल्यासारखा चेहरा करून, कप उचलेपर्यंत शेजारी उभे राहतात. टेबल नदीच्या बाजूला थोडं कललेलं आहे. पायाखाली पुठ्ठे घालून झाले, तरी हळू मारलेला बॉल अखेर त्या कोपऱ्यातल्या पॉकेटकडे वळतोच.

मी तिथे बसायचे ते वायफायसाठी. पुण्याच्या कंपनीने घरून काम करा म्हटलं, पण आमच्या घरात नेट फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर येतं. गोडाऊनमध्ये मात्र दुकानाचं कनेक्शन. त्यामुळे माझं ऑफिस म्हणजे पेंडीच्या वासातलं एक प्लॅस्टिकचं टेबल. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टीत भोक कुठे आहे ते शोधायचं आणि ईमेलने कळवायचं. बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

संध्याकाळी चौघं खेळायला यायचे. झेडपी शाळेतले सर, जनावरांचे डॉक्टर, कालव्यावर पाटकरी म्हणून नोकरी करून रिटायर झालेले बाबा आणि टेम्पोवाले मामा. मी कोपऱ्यात बसायला लागले तेव्हा सुरुवातीला त्यांची फार पंचाईत झाली. शॉट चुकला की तोंडात आलेली शिवी गिळायची आणि खोकायचं. असे काही दिवस सगळेच खोकत खेळले. मग डॉक्टरांनी मार्ग काढला. एकदा सोपा बॉल चुकल्यावर ते कळवळून ओरडले, "लाळ्या-खुरकूत!" तेव्हापासून गोडाऊनमध्ये जनावरांच्या रोगांच्या नावाने शिव्या सुरू झाल्या. मामांना फऱ्या आवडायचा. बाबा घटसर्पाच्या खाली उतरत नसत.

ह्यापलीकडे मी कुणाच्या लक्षात नव्हते. कुणी वाईट वागत नव्हतं. "ताई, जरा पंखा वाढवा," एवढं बोलणं व्हायचं, मी पंखा वाढवायचे. नियमावरून वाद झाला की, "ताई, नेटवर बघा बरं," म्हणायचे. मी शोधून मोबाईल त्यांच्यासमोर धरायचे, सर वाचून मराठीत सांगायचे, मी परत जाऊन बसायचे.

त्यांना माहीत नव्हतं ते हे, की सकाळी दुकान उघडण्याआधी मी खेळत होते. एकटीच. किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असायची. काकांना कळलं असावं, कारण एकदा जेवताना माझ्या कुर्त्याच्या बाहीकडे बघत ते म्हणाले, "स्टिकचा निळा खडू कपड्याचा लवकर जात न्हाई बरं का." मग त्यांनी आमटी मागितली आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी किल्लीशेजारी एक ओला फडका वाळत घातलेला दिसला.

एकटीने खेळून आता मला कंटाळा आला होता. मला त्यांच्याबरोबर एक डाव हवा होता, बस. त्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं. ते मी इंग्रजीत तयार केलं. "कॅन आय जॉइन?" पेंडीच्या पोत्यांमध्ये ते इतकं वाईट वाटलं की मी ते मनातल्या मनातही पुन्हा म्हटलं नाही. मराठीत, "मी पण खेळू का?" हे सहा वर्षांच्या मुलीचं वाक्य झालं असतं. शाळेत आम्हाला इंग्रजीत परवानगी मागायला शिकवलं होतं आणि घरी मोठ्यांसमोर मागायचंच नाही असं. ह्या दोन्हींमध्ये माझं वाक्य अडकून बसलं. तेवढ्यात कंपनीची मेल आली की येत्या सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. म्हणजे हा शेवटचा आठवडा.

आणि त्याच आठवड्यात मामा पोत्यावर बसले.

ते रोटेशन खेळत. बॉल एक ते पंधरा. टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. जो बॉल पॉकेटमध्ये जाईल त्याच्या आकड्याएवढे गुण. बॉल गेला की पुढचा शॉटही तुमचाच. खोट इथेच होती. सर आधी मारत, कारण शाळा सुटली की ते सगळ्यांच्या आधी येत, आणि एकदा सुरू झाले की थांबत नसत. मामा कांदा उतरवून सगळ्यांच्या शेवटी येत. त्यांची वेळ येईपर्यंत टेबलावर फारसं काही उरलेलं नसे.

"माझं वावर टेलला, पाटाच्या पार शेवटाला," मामा त्या दिवशी म्हणाले. "पाट सुटला की हेडवाले ऊस भिजवनार, घास भिजवनार, शेवगा भिजवनार. माझ्यापातूर फकस्त वल येती. हितं मी इसरायला येतो, तर हितंबी तेच! सर म्हंजी हेडचे बागायतदार."

"अहो, मी काय चोरून मारतो का?" सर म्हणाले.

"चोरून न्हाई, सर. पर दार तुमी बंदच करत न्हाई."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आयुष्यभर कालव्याची दारं उघडली आणि लावली होती. दोन भाऊ फावडी घेऊन समोरासमोर उभे असताना त्यांनी मध्ये उभं राहून पाणी वाटलं होतं. त्यांनी खडू स्टिकच्या टोकाला सावकाश घासला.

"टेल टू हेड," ते म्हणाले. "आधी टेलवाल्यानं मारायचं, मग त्याच्या वरच्यानं. सर सगळ्यात शेवटी. आन् कुनीबी असू द्या, तीन बॉल घातले की दार बंद. दुसऱ्याला सोडायचं."

मामा पोत्यावरून उठले. डॉक्टरांनी टाळी वाजवली. सरसुद्धा मोठ्या मनाने हसले. मग प्रश्न आला, टेल कोण?

मला वाटलं होतं, मामा. मामांनाही तसंच वाटलं होतं. पण आदल्या दिवसापर्यंत आपण किती पट्टीचे खेळाडू आहोत हे एकमेकांना सांगणारे ते चौघं क्षणात गरीब झाले.

"तसं पाहिलं तर," डॉक्टर खांदा चोळत म्हणाले, "पारगावच्या म्हशीनं लाथ मारल्यापासून माझा हात पूर्वीचा राहिलेला नाही."

"काल तर बैल पाडून टोचलात की," मामा म्हणाले.

"तो डाव्या हाताने."

"माझा चष्म्याचा नंबर वाढलाय," सर म्हणाले. "मला सहा आणि नऊ एकच दिसतात."

"आन् गुन मांडताना बरं नऊच दिसतंय!" मामा म्हणाले.

बाबा स्वतः तर म्हणाले की त्यांचं वय हाच मोठा दुष्काळ आहे. वाद वाढत गेला. शेवटी सरांनी, परीक्षेचा अनुभव असल्यामुळे, तोडगा काढला. आज डाव खेळायचा, ज्याचे गुण सगळ्यात कमी तो उद्याचा टेल. सगळ्यांना ते एकदम न्याय्य वाटलं.

मला त्यातलं भोक तिथल्या तिथे दिसलं. ऑफिसचं काम असतं तर दोन ओळींत कळवलं असतं. तोंड उघडलंही होतं, पण त्यातून फक्त जांभई असल्यासारखं काहीतरी निघालं आणि डॉक्टर म्हणाले, "ताई दमल्या बिचाऱ्या." मी तोंड मिटलं.

त्या संध्याकाळचा डाव काष्टीत पुन्हा होणे नाही. चौघांनाही हरायचं होतं. सरांनी एक नंबरच्या बॉलपासून हातभर लांब पांढरा बॉल पाठवला आणि "अरेरे" म्हणाले, तेही बॉल थांबायच्या आधी. डॉक्टरांनी खांदा धरून मारलं आणि बॉलला स्टिकचा फक्त वारा लागला. मामांनी डोळे मिटून मारलं.

पण टेबल कललेलं होतं, ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. इतके हलके शॉट त्याने कधी पाहिले नव्हते. मामांचा पांढरा बॉल रमतगमत जाऊन एक नंबरला लागला, एक नंबर चौदाला, आणि चौदा नंबर नदीच्या बाजूला सावकाश निघाला.

"आरं थांब, थांब!" मामा टेबलाच्या कडेने बॉलबरोबर चालू लागले. "म्हशी, थांब!"

चौदा पॉकेटच्या तोंडाशी थांबला. मामाही थांबले. बाहेरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गेली, जमीन थोडी हादरली आणि बॉल आत पडला.

"फऱ्या!" मामा डोकं धरून ओरडले.

"अभिनंदन, मामा. चौदा गुण," सर अत्यंत प्रेमाने म्हणाले.

"हे धरायचं न्हाई. हे ट्रॅक्टरनं घातलंय."

"आता शॉटही तुमचाच," डॉक्टर म्हणाले. "मारा."

मामा हात जोडून म्हणाले की माझा शॉट कुणीतरी घ्या. कुणी घेतला नाही. मी लॅपटॉपच्या आड खाली वाकले होते आणि ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. काका दुकानातून धावत आले, कारण त्यांना वाटलं भांडण झालं. आत पाहतात तर चार मोठी माणसं एकमेकांना शॉट देऊ करतायत. डाव संपलाच नाही. शटर ओढायची वेळ झाली तेव्हा मामांचे चौदा होते आणि बाकी तिघांचे शून्य. म्हणजे ज्याच्यासाठी नियम केला, तो एकटाच टेल होऊ शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा सगळ्यांच्या आधी आले. कांदा कुठे उतरवला कोण जाणे. स्टिकला हात न लावता पोत्यावर जाऊन बसले.

"मला टेल नको आन् काय नको," ते म्हणाले. "मी उद्यापासून क्यारम खेळनार."

ते थट्टेत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. सरांनाही ते दिसलं असावं. ते म्हणाले, "गुणांवर ठरवणं ही माझी चूक झाली. बाबा, कालव्यावर टेल कोण हे तुम्ही कसं ठरवायचात?"

"त्याला काय मार्क लागत्यात व्हय?" बाबा म्हणाले. "ज्याच्या वावरात अजून थेंब न्हाई पडला, त्यो टेल. तेवढं बघायचं. बाकी रडगानं ऐकायचं न्हाई."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"थेंब म्हणाल तर," डॉक्टर म्हणाले, "आपल्या सगळ्यांनाच पडलेत. मामांना काल चौदा पडले."

"मग टेल कुणीच नाही," सर म्हणाले. "नियम चांगला होता, पण आपल्याकडे लागू होत नाही. राहू द्या. नेहमीसारखंच खेळू या." आणि त्यांनी सवयीने पहिल्या शॉटच्या जागेवर जाऊन खडू उचलला. मामा चप्पल शोधायला लागले.

स्क्रीनवर कुणीतरी मला मीटिंगमध्ये बोलावत होतं. मी लॅपटॉप मिटला, त्याचा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा झाला, आणि उठले. दारात काका फडका घेऊन उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी फक्त कोपऱ्यातली, सकाळी मी वापरते ती छोटी स्टिक उचलली आणि उगीच पुसत राहिले.

"ताई, पंखा?" डॉक्टर म्हणाले. मी उठले की पंख्यासाठीच, असं त्यांना वाटणं साहजिक होतं.

मी पंख्याच्या बटणापाशी गेले नाही, टेबलापाशी गेले. तयार केलेलं एकही वाक्य आठवेना. इंग्रजी नाही, मराठी नाही. मामा एका पायात चप्पल घालून थांबले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बाहीवरच्या निळ्या खडूकडे, आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"टेलला मी आहे," मी म्हणाले. "इतके महिने इथे बसते, मला अजून एक शॉट मिळालेला नाही. सर, खडू द्या. मामा, तुमचा नंबर माझ्यानंतर, चप्पल काढा. तीन बॉल गेले की मी दार बंद करीन, पण तोपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही."